ना फौज, ना तिजोरी, तरी अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट चालतं कशावर?

अमेरिकेची राज्यघटना एका बैठकीत वाचून होते, खोटं नाही सांगत. १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिलेली, सात कलमं, साडेचार हजारांच्या आसपास शब्द आणि त्यावर आजवर झालेल्या २७ दुरुस्त्या, बस्स एवढंच. आपल्या घटनेचं पुस्तक एकदा हातात घेऊन बघा म्हणजे फरक कळेल. दुरुस्ती करायची तर साधारणपणे काँग्रेसच्या (म्हणजे तिकडच्या संसदेच्या, आपल्या पक्षाशी घोळ नको) दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात आणि वर ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी, त्यामुळे ती जवळजवळ होतच नाही. शेवटची म्हणजे २७ वी दुरुस्ती १९९२ ला पूर्ण झाली आणि ती मांडली कधी होती, तर १७८९ ला!

मग एवढ्याशा कागदावर एवढा मोठा देश सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ कसा चालतो? तर त्या कागदावर जे मोघम शब्द आहेत, ‘ड्यू प्रोसेस’, ‘कायद्याचं समान संरक्षण’, ‘राज्याराज्यांतला व्यापार’ वगैरे, त्यांचा अर्थ त्या त्या काळात काय घ्यायचा हे सुप्रीम कोर्ट ठरवतं. सध्या नऊ जज. हा नऊचा आकडाही घटनेत नाही बरं का, सुरुवात सहापासून झाली, मध्ये कमीजास्त होत राहिलं आणि १८६९ पासून नऊवर थांबलंय. नेमणूक आजन्म. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाचे जज ६५ ला रिटायर होतात, तिकडे जज स्वतः सोडत नाही किंवा वारत नाही तोवर (महाभियोग सोडला तर) खुर्ची रिकामी होत नाही, म्हणून तर राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत ‘जज कोण नेमणार’ हा प्रचाराचा मुद्दा असतो.

आता खरी मेख इथे आहे. काँग्रेसने केलेला कायदा घटनेविरुद्ध आहे म्हणून रद्द करायचा अधिकार या कोर्टाला आहे असं घटनेत सरळ शब्दांत कुठेच लिहिलेलं नाही. आपल्या कलम १३ मध्ये मूलभूत हक्कांच्या विरोधातला कायदा तेवढ्यापुरता रद्द असं स्वच्छ लिहिलंय, तिकडे तसं काही नाही. अलेक्झांडर हॅमिल्टनने १७८८ मध्येच लिहून ठेवलं होतं की न्यायसंस्थेच्या हातात ना तलवार आहे ना तिजोरी, तिच्याकडे आहे ती फक्त निर्णयबुद्धी. म्हणजे निकाल द्यायचा आणि बाकीचे ऐकतील अशी आशा धरायची. अमेरिकेतल्या गाजलेल्या निकालांच्या गोष्टी वाचताना मी नेहमी हेच बघतो की कोर्टाने काय म्हटलं ते ठीक, पण ऐकलं कोणी, आणि का ऐकलं?

पहिली गोष्ट मार्बरी विरुद्ध मॅडिसन, १८०३. हा खटला तिकडे लॉ कॉलेजच्या प्रत्येक पोराला पाठ असतो. झालं असं की १८०० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स हरला, थॉमस जेफरसन जिंकला, आणि जाता जाता अ‍ॅडम्सने आपल्या पक्षाच्या माणसांना धडाधड जज म्हणून नेमायला सुरुवात केली. नेमणुकीची पत्रं सही-शिक्क्यासकट तयार झाली पण गडबडीत काही पत्रं पोचवायची राहून गेली. ती पोचवायचं काम होतं परराष्ट्रमंत्री जॉन मार्शलचं, आणि हाच मार्शल तेव्हा नुकताच सरन्यायाधीश पण झालेला होता, दोन्ही खुर्च्या एकाच वेळी! नवा राष्ट्राध्यक्ष जेफरसन आला आणि म्हणाला, राहिलेली पत्रं द्यायची नाहीत. ज्यांची राहिली त्यातला एक विल्यम मार्बरी, तो थेट सुप्रीम कोर्टात गेला की मला माझं पत्र द्यायला नव्या मंत्र्याला, म्हणजे जेम्स मॅडिसनला, हुकूम करा. म्हणजे ज्याच्या ढिलाईमुळे खटला उभा राहिला तोच जज. आज कोणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी राजीनामा मागतील लोक.

मार्शल कात्रीत सापडला होता. पत्र द्या असा हुकूम काढावा तर जेफरसन तो केराच्या टोपलीत टाकणार आणि कोर्टाचं हसं होणार, नाही म्हणावं तर कोर्ट घाबरलं असं दिसणार. मग त्याने काय केलं बघा. निकालात म्हणाला, मार्बरीचा पत्रावर हक्क आहे का, आहे. कायद्यात त्याला दाद मागता येते का, येते. पण ती दाद थेट आमच्याकडे मागता येते का, तर १७८९ चा कायदा म्हणतो येते, पण कुठल्या केसेस थेट सुप्रीम कोर्टात येऊ शकतात हे घटनेने ठरवून दिलंय आणि त्यात ही केस बसत नाही, आणि साध्या कायद्याने घटना बदलता येत नाही, म्हणून त्या कायद्याचं ते कलमच बाद, म्हणून सॉरी मार्बरी. जेफरसन जिंकला त्यामुळे त्याला मोडायला हुकूमच उरला नाही. आणि कायदा घटनेत बसतो की नाही हे कोर्ट ठरवणार हे मात्र कायमचं लिहिलं गेलं. वरवर कोर्टाने आपला एक छोटा अधिकार नाकारला, आणि तसं करताना त्याहून कितीतरी मोठा अधिकार खिशात टाकला. मार्बरीला ती नोकरी काही मिळाली नाही शेवटपर्यंत.

पण सगळ्याच वेळी असं जमलं नाही. १८३२ मध्ये वुर्सेस्टर विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात याच मार्शलने निकाल दिला की चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत. जॉर्जियाने दुर्लक्ष केलं आणि राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनलाही त्यात रस नव्हता. ‘मार्शलने निकाल दिलाय ना, मग त्यानेच अंमलात आणावा’ असं जॅक्सन म्हणाल्याचं सगळीकडे छापलं जातं, इतिहासकारांच्या मते तो बहुधा असं बोललाच नाही, पण घडलं ते तसंच. १८३८ मध्ये चेरोकींना बंदुकीच्या धाकावर पश्चिमेकडे हाकललं गेलं आणि वाटेत हजारो माणसं मेली. निकाल हातात होता, उपयोग शून्य.

आणि एक निकाल असा की तो दिलाच नसता तर बरं झालं असतं असं आज झाडून सगळे मान्य करतात. ड्रेड स्कॉट, १८५७. स्कॉट गुलाम होता, मालकाने त्याला गुलामगिरी बंद असलेल्या प्रदेशात काही वर्षं नेऊन ठेवलं होतं, तो म्हणाला म्हणजे मी स्वतंत्र झालो. सरन्यायाधीश टॉनीच्या कोर्टाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं की काळा माणूस, गुलाम असो नाहीतर स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, म्हणून त्याला केसच करता येत नाही. इथे थांबले असते तरी वाईटच होतं, पण पुढे जाऊन हेही म्हटलं की पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालायचा काँग्रेसला अधिकारच नाही. मार्बरीनंतर ५४ वर्षांनी कोर्टाने काँग्रेसचा कायदा दुसऱ्यांदा रद्द केला तो हा असा. टॉनीला वाटलं देशातलं गुलामगिरीवरचं भांडण आपण कायमचं मिटवतोय. चार वर्षांत यादवी युद्ध पेटलं.

त्या युद्धानंतर, १८६८ मध्ये, १४ वी दुरुस्ती आली आणि माझ्या मते अमेरिकन घटनाकायद्याचा निम्मा अभ्यास म्हणजे ही एक दुरुस्ती. तिचं पहिलंच वाक्य ड्रेड स्कॉटला उत्तर आहे: जो अमेरिकेत जन्मला आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली आहे तो नागरिक. पुढे म्हटलंय की कुठलंही राज्य कोणाचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता ड्यू प्रोसेसशिवाय, म्हणजे कायद्याच्या रीतसर आणि न्याय्य प्रक्रियेशिवाय, काढून घेणार नाही आणि कोणाला कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. यात ‘राज्य’ शब्द महत्त्वाचा. कारण भाषणस्वातंत्र्य वगैरे हक्क १७९१ च्या पहिल्या दहा दुरुस्त्यांत होते खरे, पण ते फक्त केंद्र सरकारला बांधायचे, राज्यांना नाही. १४ व्या दुरुस्तीचा दरवाजा उघडल्यावर कोर्टाने पुढच्या शतकात एकेक करत ते बहुतेक सगळे हक्क राज्यांवरही लागू केले. एकदम नाही, सुटे सुटे.

कागदावर समानता आली म्हणून गोष्ट संपली नाही. १८९६ मध्ये प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन, रेल्वेत गोऱ्या-काळ्यांचे डबे वेगळे, ‘वेगळे पण समान’ असलं की झालं असं कोर्ट म्हणालं, ७ विरुद्ध १. तो एक म्हणजे जस्टिस हार्लन, त्याने लिहिलं की आपली घटना रंग बघत नाही. पण ‘वेगळे पण समान’ पुढची ५८ वर्षं चाललं.

आता एक खटला आपल्या लोकांचा. तेव्हा अमेरिकेत जन्म न झालेल्या माणसाला नागरिक व्हायचं तर तो कायद्याप्रमाणे ‘गोरा’ किंवा आफ्रिकन वंशाचा असावा लागे. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की कातडीचा रंग बघायचा नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रात युरोपियन आणि त्यांच्या जवळचे मानलेले लोक) वंशाचा. बरं. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंद कोर्टासमोर, पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता, तो म्हणाला तुमचे वंशशास्त्रज्ञच आम्हाला कॉकेशियन म्हणतात, मग द्या नागरिकत्व. तर त्याच जज सदरलँडने एकमताच्या निकालात लिहिलं की शास्त्र बिस्त्र राहू दे, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीन महिन्यांत माप बदललं! हा निकाल वाचून राग येतोच, पण थिंदच्या बाजूचा युक्तिवाद वाचला तर तोही सुखाचा नाही, त्यात उच्च जातीच्या रक्ताच्या शुद्धतेची बढाई आहे, वर्चस्वाच्या खेळात आम्हालाही घ्या अशी विनवणी होती ती, खेळ मोडा अशी नव्हती.

आणि थिंदच्या वकिलांपैकी एकाचं नाव बघा, सखाराम गणेश पंडित. हे लॉस एंजेलिसला वकिली करायचे आणि १९१४ पासून अमेरिकन नागरिक होते. थिंदचा निकाल आल्यावर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचीही पाळी आली. पंडितांनी ‘मी गोरा आहे का’ या वादात पुन्हा पडणंच टाळलं. ते म्हणाले, मला नागरिकत्व कोर्टाने दिलं, सरकारला अपील करायची संधी होती, केलं नाही, विषय तिथेच संपला, आणि त्या भरवशावर मी वकिली केली, संसार केला, आता इतक्या वर्षांनी तोच प्रश्न उकरून काढता येणार नाही. अपील कोर्टाने १९२६ मध्ये त्यांचं म्हणणं मान्य केलं, सुप्रीम कोर्टाने सरकारचं पुढचं अपील ऐकायलाच नकार दिला. मोठ्या तत्त्वाने हरलेला डाव साध्या प्रक्रियेच्या नियमाने वाचवला, वकिली असावी तर अशी. भारतीयांना रीतसर दरवाजा उघडला तो १९४६ च्या कायद्याने, तोही वर्षाला फक्त १०० जणांच्या कोट्याचा. (थिंदला त्याआधीच, १९३६ मध्ये, माजी सैनिक म्हणून नागरिकत्व मिळालं होतं.)

दुसरीकडे हेच कोर्ट कारखानदारांच्या बाबतीत फार हळवं होतं. लॉक्नर विरुद्ध न्यूयॉर्क, १९०५. न्यूयॉर्कने कायदा केला की बेकरीतल्या कामगाराला दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. कोर्टाने ५-४ ने तो रद्द केला, म्हणे ड्यू प्रोसेसमधल्या ‘स्वातंत्र्य’ या शब्दात करार करायचं स्वातंत्र्य येतं, कामगाराला जास्त तास काम करायचंय तर तुम्ही कोण अडवणारे. पुढे तीसेक वर्षं याच तर्कावर कामगारांच्या बाजूचे कितीतरी कायदे उडाले. महामंदीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने आणलेले मोठमोठे कायदेही (वेगवेगळ्या कारणांनी, पण त्याच वृत्तीतून) उडायला लागले तेव्हा तो चिडला आणि १९३६ ला ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आल्यावर त्याने योजना मांडली, सत्तरीपुढचा जो जज रिटायर होत नाही त्याच्यामागे एक नवीन जज नेमायचा, जास्तीत जास्त सहा, म्हणजे एकूण १५. आणि पुढच्याच महिन्यात, मार्च १९३७ ला, कोर्टाने हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या एल्सी पॅरिशच्या केसमध्ये किमान वेतनाचा कायदा ५-४ ने मान्य केला! जस्टिस रॉबर्ट्सने बाजू बदलली होती. लोक म्हणतात घाबरून बदलली, पण त्याने आतल्या बैठकीत मत दिलं होतं ते योजना जाहीर व्हायच्या आधी, फक्त निवडणुकीचा निकाल मात्र तेव्हा लागलेला होता. काय समजायचं ते समजा. योजना सिनेटमध्ये मेली, नऊचे नऊच राहिले, आणि कोर्टाने धंद्याच्या कायद्यांत नाक खुपसणं जवळपास सोडून दिलं.

या लॉक्नर प्रकरणाची सावली आपल्या घटनेवर पडलेली आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. आपल्या संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेला गेले होते, तिथे ते जस्टिस फेलिक्स फ्रँकफर्टरना भेटले आणि त्यांनी सांगितलं की ते ड्यू प्रोसेस प्रकरण घेऊ नका, त्याने निवडून आलेल्या सरकारच्या डोक्यावर जज बसतात. म्हणून आपल्या कलम २१ मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आले. डॉ. आंबेडकरांनी सभेत दोन्ही बाजूंचे धोके मांडले, कायदेमंडळ बेफाम होऊ शकतं आणि मूठभर जजही, आणि निर्णय सभेवर सोडला. पुढे १९७८ च्या मनेका गांधी निकालात आपल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, म्हणजे जे पुढच्या दाराने नाकारलं होतं ते मागच्या दाराने आत आलं.

शेतकऱ्याची एक केस सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ओहायोचा रॉस्को फिलबर्न. गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून सरकारने प्रत्येकाला लागवडीची मर्यादा घातली होती, याला ११.१ एकरांची परवानगी, याने पेरला २३ एकर. दंड झाला ११७ डॉलर ११ सेंट. तो म्हणाला जास्तीचा गहू मी माझ्याच शेतावर वापरणार, जनावरांना घालणार, घरी खाणार, यात राज्याराज्यांतला व्यापार कुठे आला? प्रश्न बरोबर होता, कारण अमेरिकेत केंद्र सरकारला घटनेने दिलेल्या ठराविक विषयांवरच कायदा करता येतो आणि त्यातला सगळ्यात दांडगा विषय म्हणजे हा राज्याराज्यांतला व्यापार. १९४२ मध्ये कोर्ट एकमताने म्हणालं, तू घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातला घेतला नाहीस, आणि सगळ्यांनीच असं केलं तर देशाच्या बाजारावर परिणाम होतो, सबब केंद्राला अधिकार आहे. मला हा निकाल ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. पण याच लवचिक अर्थाचा पुढे काय उपयोग झाला बघा. १४ वी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खाजगी हॉटेलवाल्याला नाही, मग काळ्या माणसाला खोली नाकारणाऱ्या मालकाचं काय करायचं? १९६४ च्या नागरी हक्क कायद्यासाठी काँग्रेसने व्यापाराचा विषय पुढे केला आणि अटलांटाच्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलने आव्हान दिल्यावर कोर्टाने सांगितलं की तुझी बहुतेक गिऱ्हाइकं परराज्यांतली, हा राज्याराज्यांतला व्यापारच आहे, खोली द्यावी लागेल. फिलबर्न खटला हरला नसता तर हे एवढं सोपं गेलं नसतं.

शाळांचं मात्र सोपं गेलं नाही. ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन, १९५४, बाजू मांडणारे थर्गुड मार्शल, जे नंतर स्वतः त्या कोर्टातले पहिले काळे जज झाले. सरन्यायाधीश अर्ल वॉरनने जिवाचा आटापिटा करून ९-० असा निकाल आणला, कारण एक जरी जज विरोधात गेला असता तर दक्षिणेकडच्या राज्यांना तेवढं निमित्त पुरलं असतं. शाळेत ‘वेगळे’ म्हणजेच ‘असमान’, प्लेसीचं तत्त्व इथे संपलं. पण अंमलबजावणी कधी, तर पुढच्या वर्षीच्या आदेशात शब्द आले ‘योग्य त्या सावकाश वेगाने’ अशा अर्थाचे, आणि दक्षिणेने त्यातला वेग सोडून सावकाश तेवढं उचललं. व्हर्जिनियातल्या एका काउंटीने तर मुलं एकत्र बसवण्यापेक्षा १९५९ पासून पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. १९५७ मध्ये आर्कान्सामधल्या लिटल रॉकला नऊ काळी मुलं शाळेत जायला निघाली तर गव्हर्नरने त्यांना अडवायला राज्याचे सैनिक उभे केले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने, ज्याला ब्राउनचा निकाल मनापासून आवडला होता असंही नाही, लष्कराची १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली आणि मुलं संगिनींच्या पहाऱ्यात वर्गात गेली. जॅक्सनच्या वेळी कोर्टाकडे फौज नव्हती, आयझेनहॉवरच्या वेळीही नव्हती, फरक इतकाच की या वेळी ज्याच्याकडे होती त्याने ती दिली.

वॉरनच्याच काळात फौजदारी कायदा बदलला. क्लॅरेन्स गिडियन, फ्लोरिडातला गरीब माणूस, पूल (बिलियर्डसारखा खेळ) खेळायच्या अड्ड्यावर चोरी केल्याचा आरोप, वकील द्या म्हणाला, जज म्हणाला आमच्या राज्यात फाशीची केस असेल तरच आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. पाच वर्षं शिक्षा. त्याने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला पाठवला, कोर्टाने तो घेतला, आणि १९६३ मध्ये ९-० ने ठरलं की गंभीर गुन्ह्याच्या केसमध्ये परवडत नसेल तर वकील सरकारने द्यायचा. पुन्हा खटला चालला, वकिलाने साक्षीदाराची चिरफाड केली, गिडियन सुटला. सिनेमात पोलीस पकडताना ‘तुला गप्प राहायचा हक्क आहे’ म्हणतात ते १९६६ च्या मिरांडा निकालामुळे, तो मात्र ५-४. आणि मिरांडा स्वतः सुटला नाही, कबुलीजबाब बाजूला ठेवून पुन्हा केस चालवली आणि दोषीच ठरला.

भाषणस्वातंत्र्यावर वेगळा लेख होईल, एवढंच सांगतो की राष्ट्रध्वज जाळणं हासुद्धा मत मांडायचा प्रकार म्हणून संरक्षित आहे असं १९८९ मध्ये ५-४ ने ठरलंय, आपल्याला हे पचणं अवघड आहे आणि तिकडेही अनेकांना आजतागायत पचलेलं नाही.

१९७४ ची केस सगळ्यात स्वच्छ. वॉटरगेटच्या (विरोधी पक्षाच्या ऑफिसातल्या घुसखोरीच्या प्रकरणाच्या) तपासात राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या ऑफिसातल्या संभाषणाच्या टेप मागितल्या, तो म्हणाला राष्ट्राध्यक्षाचं बोलणं गोपनीय असतं. कोर्ट म्हणालं असतं, पण फौजदारी खटल्यापुढे ते ढाल होत नाही. ८-०, आणि त्या आठात तीन जज निक्सननेच नेमलेले, निकाल लिहिणारा सरन्यायाधीश बर्गरसुद्धा त्याचाच. २४ जुलैला निकाल, ९ ऑगस्टला निक्सन घरी. टेप देणार नाही म्हणाला असता तर कोर्ट काय करणार होतं? काहीच नाही, पण तोवर काँग्रेस आणि लोक दोन्ही त्याच्यावर उलटले होते, आणि ते त्याला कळत होतं.

आता निकाल कायम टिकतात असं समजू नका. रो विरुद्ध वेड, १९७३, ७-२, गर्भपाताचा हक्क ड्यू प्रोसेसमधल्या त्याच ‘स्वातंत्र्य’ शब्दातून काढलेला. ४९ वर्षांनी, जून २०२२ मध्ये, डॉब्सच्या निकालात तो रद्द, विषय पुन्हा राज्यांकडे. मधल्या काळात घटना बदलली नाही, जज बदलले. भांडण वाचायच्या पद्धतीचं आहे. एक गट म्हणतो शब्दांचा अर्थ ते लिहिले तेव्हा जो होता तोच घ्यायचा, दुसरा म्हणतो तत्त्व तेच ठेवून काळाप्रमाणे वाचायचं. मला दोन्ही गट सोयीप्रमाणे वागताना दिसतात, पण गंमत म्हणजे ब्राउनचा निकाल चूक होता म्हणायची हिंमत आज दोघांपैकी कोणीच करत नाही. आणि एक गोष्ट आपल्याकडे आहे ती तिकडे नाही. १९७३ च्या केशवानंद भारतीत आपल्या कोर्टाने ७-६ ने म्हटलं की घटनादुरुस्तीनेसुद्धा मूळ ढाचा मोडता येणार नाही, तिकडच्या सुप्रीम कोर्टाने पास झालेली घटनादुरुस्ती आजवर कधी रद्द केलेली नाही.

शेवटी अलीकडचं, कारण न्यूजर्सीपासून बे एरियापर्यंत कितीतरी मराठी घरांत याचीच चर्चा असते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पने ऑर्डर काढली की आई तात्पुरत्या व्हिसावर (म्हणजे एच-वन-बी, स्टुडंट व्हिसा सगळे आले) किंवा बेकायदा असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले नसतील तर यापुढे जन्मणाऱ्या बाळाला जन्माने नागरिकत्व नाही. हे सगळं फिरतं १८९८ च्या वोंग किम आर्कच्या निकालाभोवती. वोंग सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला, आईवडील चिनी, ज्यांना कायद्याने नागरिक होताच येत नव्हतं, तरी कोर्ट ६-२ ने म्हणालं की १४ व्या दुरुस्तीप्रमाणे हा नागरिकच, अपवाद फक्त परकीय वकिलातीतल्यांची मुलं, चाल करून आलेल्या शत्रूची मुलं असे मोजकेच. सरकारची बाजू म्हणते की त्या निकालात आईवडिलांचा कायमचा मुक्काम अमेरिकेत होता असं लिहिलंय, तात्पुरत्यांचा विषयच तेव्हा नव्हता. समोरचे म्हणतात, ते फक्त वोंगच्या केसचं वर्णन आहे, नियम नाही, नियम जमिनीवर जन्माचा आहे आणि व्हिसावर असलेला माणूस अमेरिकेचे कायदे पाळतो, टॅक्स भरतो, गुन्हा केला तर तिथल्याच तुरुंगात जातो, मग तो अधिकारक्षेत्राबाहेर कसा? खालच्या कोर्टांनी ऑर्डर देशभर अडवली तर जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ प्रश्नाला हात न लावता एवढंच सांगितलं की एका जिल्हा कोर्टाच्या जजला ऊठसूट अख्ख्या देशासाठी मनाई काढता येणार नाही, दाद मागणाऱ्याला पूर्ण दिलासा मिळेल तेवढीच मनाई. वकिलांनी लगेच दुसरी वाट काढली, न्यू हॅम्पशायरमध्ये अशा सगळ्या बाळांच्या वतीने मिळून एकच दावा लावला, आणि जुलैमध्ये तिथल्या जजने ऑर्डर त्या सगळ्यांपुरती, म्हणजे पुन्हा देशभर, थांबवली.